न काढलेली गाठ

सानपाडा, गुरुवार, सायंकाळ

"आईच्या यकृतातली गाठ काढली," असे आमच्या मुलाने, मंदारने, सर्व नातेवाइकांना आणि मलाही सांगितले. ते चूक आहे. गाठ साधी आहे, कर्करोगाची नव्हे. परंतु ती आतच आहे. मनगटातून बारीक नळी घालून तिचा रक्तपुरवठा बंद केला, ती सावकाश आक्रसेल, असे डॉक्टरांनी आज फोनवर समजावले.

हिला सांगावे की नाही? मनगटावर पट्टी, त्या हातात बांगड्या नाहीत. शेवटी सांगितले.

ही हसली. "अहो, ठाऊक आहे मला. तुम्हाला झोप लागावी म्हणून मीच त्याला तसं बोलायला लावलं."

आणि मी खरोखरच गाढ झोपलो होतो.

सोमवारी दाखल केले.
मंगळवारी नळी घातली.
बुधवारी घरी आणले.
गाठ काढल्याचा वार: कोणताही नाही.
बांगड्या अजून डब्यातच.