गुरुवारी, मागच्या दाराने

अधारताल, जबलपूर
१२ जानेवारी २००३

ती. सौ. शरयूताईस,
रत्नाकरचा शि. सा. न. वि. वि.

फोन करणार होतो. पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझा मुद्दा राहून जातो. म्हणून पत्र. शांतपणे वाच.

शैलजाचं ठीक नाही. विनता सासरी रायपूरला गेली, तेव्हा वाटलं लेकीची आठवण असेल. पण दिवाळीपासून हिला झोप नाही. नळाखालची बादली भरून वाहते आणि ही तिथंच उभी. विचारलं तर म्हणते, काही नाही. मी या विषयावरची दोन इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मी मॅट्रिकपुढे गेलो नाही म्हणून रिछाईच्या कारखान्यातले नवे इंजिनिअर मला शिकवायला येतात आणि शिकून जातात, हे तुला माहीत आहेच. तर हा मनाचा आजार आहे आणि त्याला मनोविकारतज्ज्ञच लागतो.

पगारातून सरकारी विम्याचा हप्ता कापतात, तेव्हा डॉक्टर विम्यातूनच मिळाला पाहिजे. हा हक्काचा प्रश्न आहे. विमा दवाखान्याच्या डॉक्टरनं तज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी दिली, पण आजाराच्या जागी 'अशक्तपणा' लिहिलं. मी परत केली. मग त्यानं 'चिंता' लिहिलं. तीही परत केली. चिंता हे लक्षण आहे, आजार नव्हे. शेवटी त्यानं पेन माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाला की भैया, आप ही लिख दीजिए. मी लिहिलं. सही त्याची.

आता विम्याच्या यादीतले डॉक्टर तपासतो. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
रत्नाकर


नागपूर
२१ जानेवारी २००३

चि. रत्नाकर यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मध्ये न बोलता वाचलं. आता तू वाच.

तू डॉक्टर शोधून राहिला की डॉक्टरांची परीक्षा घेऊन राहिला? शैलजाला अजून नेलं काहून नाही? लहानपणी आईला ताप भरला, तर तू थर्मामीटर बरोबर आहे का हे पाहायला आधी स्वतःच्या तोंडात धरून बसला होतास. आई तिकडे कुडकुडत होती. ते मला आजही आठवतं.

माझ्या वहिनीच्या जीवाचा प्रश्न आहे, बाबा. जो भेटेल त्याच्याकडे ने. पुस्तकं मिटून ठेव.

तुम्हा दोघांच्या काळजीतली,
शरयूताई


अधारताल, जबलपूर
१६ फेब्रुवारी २००३

ती. सौ. शरयूताईस,
शि. सा. न. वि. वि.

थर्मामीटर दीड डिग्री जास्त दाखवत होता, हे तू सोयीस्करपणे विसरलीस. असो.

यादीत तीन नावं निघाली. पहिल्या डॉक्टरकडे विमा चालतो, पण फक्त दाखल झालेल्या रुग्णाला. मी विचारलं की झोप येत नाही एवढ्यावर दाखल कराल का. नाही म्हणाला. म्हणजे विमा चालतो, रुग्ण चालत नाही. दुसऱ्याची पाटी जागेवर आहे, डॉक्टर ग्वाल्हेरला गेला. त्याच्या खुर्चीत दातांचा डॉक्टर बसतो. तो मोठ्या प्रेमानं म्हणाला की दात असतील तर आणा, विमा घेतो.

तिसरा हजर आहे, विमाही घेतो. पण कंपाउंडर म्हणाला की विमेवाले फक्त गुरुवारी आणि मागच्या दाराने. पुढचं दार फीवाल्यांचं. मागचं दार म्हणजे गल्ली, जनरेटर आणि चिखल. ताई, आपले पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत या शहरात आले ते मागच्या दाराने आले नव्हते. शैलजाला मी तिथून नेणार नाही. चिठ्ठी कपाटावर फेकली आणि वर तक्रार केली आहे.

तोवर पुस्तकाप्रमाणे उपचार चालू आहेत: सकाळी फिरणं, रात्री जायफळ घातलेलं दूध. गुरुवारी कारखाना बंद असतो, तेव्हा शोधाला निघतो.

तुझा,
रत्नाकर


अधारताल
२३ मार्च २००३

ती. सौ. वन्संना,
शैलजाचा शि. सा. न. वि. वि.

फोन बैठकीत आहे आणि हेही बैठकीतच असतात, म्हणून लिहिते.

मी त्या मागच्या दाराने जाते. शेजारच्या बेबीदीदी सोबत असतात. कपाटावरची चिठ्ठी पुसून घेतली. हे गुरुवारी डॉक्टर शोधायला बाहेर पडले की पाठोपाठ आम्ही ऑटो करतो. दार काही वाईट नाही. जनरेटर एवढा वाजतो की आतलं बाहेर ऐकू जात नाही.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं की काय होतं. मी थोडं बोलून थांबले, कारण वाटलं, आता कुणीतरी माझं वाक्य पुरं करेल. कुणी केलं नाही. मग मीच केलं. रडलेही. आता झोप लागते. हे म्हणतात, जायफळाचा गुण. म्हणू देत. दूध स्वतः आटवतात, मला आवडत नाही म्हणून सायसुद्धा काढतात.

अडचण वेगळीच आहे. काल हे म्हणाले की तू सुधारलीस, आता शोध बंद, गुरुवारी मी घरीच. गोळ्या मध्येच सोडल्या तर पुन्हा त्या नळापाशी उभ्या राहाल, असं डॉक्टर बजावतात. यांना खरं सांगितलं तर सोबत येतील आणि माझ्याआधी बोलतील. तुमचं ऐकतात. डॉक्टर शोधत राहा, असं तेवढं त्यांना लिहा.

तुमचा हात माझ्या पाठीवर असाच राहो.
शैलजा


अधारताल, जबलपूर
१३ एप्रिल २००३

ती. सौ. शरयूताईस,
शि. सा. न. वि. वि.

कार्ड मिळालं. शोध सोडू नये ही मोठ्या बहिणीची आज्ञा, असं लिहिलंस. आज्ञा मान्य. पण तुम्ही दोघी मिळून मला फसवाल असं वाटत असेल तर तो गैरसमज आहे.

होळीच्या आधीच मी त्या कंपाउंडरला आणखी दोन शब्द सुनवायला गेलो होतो. पाहतो तर ऑटोतून शैलजा आणि बेबीदीदी उतरताहेत. मी पानठेल्याआड झालो. तेव्हापासून माझा शोध त्या पानठेल्यावरच चालतो. ती घरी पोचली असेल असं वाटेपर्यंत मी तिथून निघत नाही.

शोध बंद, असं म्हटलं ते मुद्दाम. वाटलं, आता तरी मला सांगेल, चला म्हणेल. तिनं तुला लिहिलं; नाहीतर शोध बंद झाल्याचं तुला कळलं कुठून? ठीक आहे. जायफळाचाही गुणात काही वाटा आहे, हे त्या डॉक्टरला माहीत नसणार.

गेल्या गुरुवारी ती बाहेर आली आणि गल्लीच्या तोंडाशी भाजीवाल्याशी भांडली. भैया, काटा ठीक से पकड़ो, म्हणून चांगली जोरात. वर्षभरात तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता. काटा सरळ होता, ताई. मी नीट पाहिलं. चूक तिची होती. पानठेल्यावरून चार पावलं निघालोही होतो. पुन्हा जागेवर येऊन बसलो.

माया आहे तशी ठेव. उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठव.

तुझा,
रत्नाकर