पुदिन्याचा बोळा

४ मार्च
ऑपरेशन झालं. ह्यांच्या पोटातली गाठ काढली, तपासायला पाठवली. शुद्धीवर आल्यापासून नुसत्या ओकाऱ्या. पोटात अन्नाचा कण नाही, तरी ढवळून येतं, आणि दर उमाशाला टाके ओढले जातात. "सुटतील गं टाके," एवढंच बोलतात. इंजेक्शन दिलं — पालथ्या घड्यावर पाणी.

मग सिस्टरनं कापसाच्या बोळ्यावर पुदिन्याचं तेल टाकून तो ह्यांच्या हातात दिला, बाटली उशाशी ठेवली. "काका, नाकानं हळू घ्या, तोंडानं सोडा." मी मनात म्हटलं, बुडत्याला काडी. पण थोड्या वेळानं बघते तर हे झोपलेले!

५ मार्च
शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको — मी तिला पडदेवाली म्हणते, मधला पडदा सारखी ओढत असते — आज माझ्या अंगावर आली. "तुमच्या वासानं आमच्यांना मळमळतं. बंद करा ते."

वासाला काय कुलूप लावू? चांगलं सुनावलं. "तुमच्यांचं नाक राजाचं, आणि आमच्यांचं पोट काय फाटकं पोतं?" पडदा असा ओढला बाईनं, की कड्या खणखणल्या.

संध्याकाळी सिस्टर हजर. "मावशी, बाटली द्या बरं. वॉर्ड सगळ्यांचा आहे." म्हणजे औषध सिस्टरनंच द्यायचं आणि सिस्टरनंच काढून घ्यायचं! धाकटी म्हणते, "आई, तू भांडून घरी जातेस, ऐकून घ्यायला बाबा इथं असतात." पोटची पोर, आणि फितूर.

६ मार्च
हे पुन्हा ओकले. धाकटीला दुकानातून दुसरी बाटली आणायला लावली. बोळा ह्यांच्या मुठीत, वर पांघरूण. चोरी करायची पाळी आणली ह्या लोकांनी, साठी उलटल्यावर!

७ मार्च
हे चार घास जेवले. बोळा नाकाशी धरूनच.

पाण्याला गेले तर नळापाशी पडदेवाली. मीच खोचून विचारलं, "काय हो, येतो का वास अजून?"

"येतो. बोलले नाही. तुमचे जेवत होते."

मग पाण्याची बाटली भरता भरता तिनं सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या पहिल्या ऑपरेशनला ह्याच बोळ्यानं तारलं. दुसऱ्यालाही. तिसऱ्या खेपेला मात्र वास आला आणि ओकारीच आली. पोटानं पुदिन्याचा वास आणि ओकारी, दोन्हींची गाठ मारून ठेवली म्हणे. "आता तर दात घासायची पेस्टसुद्धा बदललीय. पुदिन्याची चालत नाही."

हे मला कुणी सांगायला नको? डॉक्टरांना वेळ नाही, सिस्टरला घाई. आणि ही बाई तरी? पहिल्याच दिवशी नीट सांगितलं असतं तर मी काय तिला खाल्लं असतं? राग आलाय. कुणाकुणाचा, ते धड ठरेना.

८ मार्च
गाठीचा रिपोर्ट आला. पोट पुन्हा उघडावं लागणार. किती वेळा, ते डॉक्टरांना आत्ता सांगता येत नाही.

ह्यांच्या मुठीतला बोळा मीच काढून घेतला. मग पडदा सरकवून पलीकडे गेले, स्टूल ओढून बसले. म्हटलं, "ताई, पुदिन्याशिवाय तुमच्यांना कशाकशानं बरं वाटायचं, ते सगळं सांगा."