कुरडयांचा चोथा

प्रिय शीतल,

तू माहेरी जाऊन आठ दिवस झाले. फोनवर तू ‘जेवलात का?’ विचारतेस, मी हो म्हणते आणि ठेवून देते. तोंडानं बोलायला जमेना, म्हणून लिहायला बसले. शुद्धलेखन तपासू नकोस.

आपली मोरी आता मोकळी झाली. तू गेल्यावर मी महानगरपालिकेच्या माणसांना दोनदा बोलावलं, कन्नडात चांगलं फैलावर घेतलं. त्यांनी रस्त्यावरचं चेंबर उघडून दाखवलं. त्यांची लाइन खळखळ वाहत होती. घरापासून चेंबरपर्यंत तुंबलं तर ते तुमचंच, अक्का, असं सांगून गेले. मग तुझ्या नवऱ्यानं, प्रशांतनं, कमरीपेठेतल्या सतीश प्लंबरला आणलं. त्यानं सळई घातली आणि वळणातून काढलं काय, तर पांढरा चिकट गोळा. केस नव्हते गं. यंदाच्या कुरडयांचा चोथा होता.

कमरीपेठेत राहायचो तेव्हा गव्हाचा चोथा शेजारच्या म्हशीला जायचा. इथं नवनगरात म्हैस कुठून आणू? अन्न कचऱ्यात टाकायला हात धजेना, म्हणून मीच तीन दिवस तो पाण्याबरोबर मोरीत लोटत होते. वर चिकाची पातेली धुतलेलं पाणी. आणि मोरी उलटली तेव्हा घसरले कुणावर, तर तुझ्या लांब केसांवर. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तू मात्र ओढणी कमरेला बांधून ते घाण पाणी बादल्यांनी उपसलंस. माझे पाय भरू नयेत म्हणून मला खुर्चीत बसवलंस. सतीश जाता जाता बोलून गेला, की तू अळणावरहून त्याला फोन केला होतास: वळणात बघा, चोथा असेल, पण अक्कांना सांगू नका. तुला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तू माझी लाज राखलीस. आभार मानायची मला सवय नाही, पण मानते गं, अगदी मनापासून.

तुला बोलले ते तुझ्या आईसमोर. त्या बिचाऱ्या चार घास खायला आल्या होत्या, भरल्या ताटावरून उठल्या आणि लेकीला घेऊन गेल्या. तेव्हा नुसत्या पत्रानं भागायचं नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं मी अळणावरला येते आहे. चोथा माझा होता, हे त्यांच्यासमोर सांगायचं आहे. पुढं यायचं की नाही ते तू ठरव. परतीचं तिकीट मी एकटीचंच काढलंय.

तुझीच,
सासू इंदुमती