वापरलेला पोशाख पुन्हा कुणाच्या अंगावर चढू नये म्हणून

मी, निशिगंधा यशवंत कुरणे, वय एकसष्ट, अविवाहित, धंदा संरक्षक पोशाख शिवणे, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दाबाखाली न येता लिहून ठेवते. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. मला काळजी ऑपरेशनची नाहीच. शेडच्या मागच्या खोलीत वापरलेले पोशाख पडून आहेत आणि मी दवाखान्यात आडवी असणार, या विचाराने मला बसवत नाही. हे लिहितानाही सारखी उठते आहे. अक्षर वाकडं दिसलं तर माझ्या शुद्धीवर कुणी शंका घेऊ नये.

कलम १. बावड्यातलं माझं स्वकष्टार्जित घर माझा धाकटा भाऊ कृष्णात याने तहहयात वापरावं. त्याच्यामागे ते त्याची मुलगी अक्षता हिच्या मालकीचं व्हावं. त्याचा मुलगा संग्राम याचं नाव इथे का नाही, ते पुढे येईल. न्हाणीच्या दाराला कडी बसवू नये. कृष्णातच्या बोटांना आतून कडी निघत नाही.

कलम २. स्टीलची मोठी पातेली चिमणाबाई मावशीला. माझी भागीदार फरहीन हिने वाढलं म्हणून मावशी भरल्या ताटावरून उठली होती आणि त्यानंतर तिने माझ्या घरी पाणीसुद्धा घेतलं नाही. पातेली तिला फार आवडायची. ती तिने फरहीनच्याच हातून घ्यावीत. नको असतील तर फरहीनने ठेवून घ्यावीत. मला दोन्ही चालेल.

कलम ३. उचगावचं शेड, शिलाईची यंत्रं, पाकीट सील करायचं यंत्र, शिल्लक कापड आणि पोशाखावर आमच्या नावाची पट्टी लावण्याचा हक्क, हे सगळं माझी भागीदार फरहीन शिकलगार हिला.

या पट्टीबद्दल चार शब्द लिहिणं भाग आहे. आमच्या पोशाखात बाहेरच्या कापडाच्या आत कार्बनच्या काळ्या कापडाचा एक थर असतो. त्यातून हवा जाते, घाम वाळतो, म्हणून माणूस त्यात काम करू शकतो. विषारी वाफ मात्र त्या कार्बनच्या बारीक छिद्रांत चिकटून बसते, कातडीपर्यंत पोहोचत नाही. पण छिद्रं भरली की भरली. मग ते कापड साध्या कापडासारखंच. धुऊन ती मोकळी होत नाहीत. आणि भरलेलं कापड दिसायला नव्याइतकंच काळं दिसतं. मी वस्त्रोद्योगाचं शिक्षण घेतलं, सूतगिरणीत नोकरी केली, पण या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला कृष्णातमुळे कळला.

कृष्णात एका कीटकनाशकाच्या गोदामात कामाला होता. गोदामाचं नाव लिहीत नाही, ते आता बंद आहे. तिथे ड्रम गळला तेव्हा त्याने परगावच्या एका कंपनीचा असाच पोशाख घालून तो बाहेर काढला. त्याला काही झालं नाही. मॅनेजरने पोशाख धुवायला लावला आणि खुंटीला अडकवला. पुढे दुसरा ड्रम गळला, तेव्हा तोच पोशाख त्याला घालायला दिला. तोंडाला मास्क होता, त्यामुळे सगळे निर्धास्त. विष कातडीतून गेलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो मला म्हणाला, "आक्का, सायब म्हनलं, कुठं फाटलाय का? न्हाई न्हवं? मग घाल की." तो जगला. पण हातापायांतला जोर गेला. आज त्याच्या शर्टाची बटणं मी लावते.

त्या मॅनेजरला मी माफ केलेलं नाही. माझ्यामागे माझ्या वतीनेही कुणी माफ करू नये.

मी नोकरी सोडली आणि फरहीनबरोबर शेड सुरू केलं. नियम एकच ठेवला. वापरलेला पोशाख गिऱ्हाइकाने परत करायचा, आम्ही तो कापायचा आणि घातक कचऱ्याच्या गाडीत घालायचा.

कलम ४. संग्रामविषयी. पोशाख पोहोचवणं आणि परत आणणं हे काम माझ्या भाच्याकडे होतं. या उन्हाळ्यात फरहीनला मागच्या खोलीतले गठ्ठे कमी दिसले. संग्रामने परत आलेले पोशाख धुऊन, पाकिटात सील करून, नवे म्हणून शिरोळच्या एका मालकाला विकले होते. त्या मालकाकडे मोठ्या ड्रममधलं पिकावर मारायचं औषध बाटल्यांत भरतात.

आम्ही दोघी टेम्पो घेऊन निघालो. पोहोचलो तेव्हा बायका ते पोशाख घालून बाटल्या भरत होत्या. मी ओरडले, "काढा! आधी बाहेर या आणि काढा ते!"

धोंडुबाई नावाची एक बाई म्हणाली, "आवो बाई, नवंच हाय की! कालच पाकीट फोडलंय."

काढलेल्या पोशाखांना मी तिथेच कात्री लावली. मालक अंगावर धावून आला. धोंडुबाईने मात्र मला भलतंच विचारलं, "ह्ये काढलं, मग आमी काय घालायचं?"

फरहीन नवे पोशाख आणायला परत कोल्हापूरला गेली आणि ती येईपर्यंत काम सुरू होऊ नये म्हणून मी भरण्याच्या खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसले. मालक शिव्या देत होता. त्या खुर्चीवर माझ्या छातीत पहिली कळ आली.

घरी आल्यावर संग्राम म्हणाला, "आत्ती, कुणाला काय झालं का? झालं न्हाई न्हवं?" वडिलांच्या शर्टाची बटणं रोज बघणारा पोरगा हे म्हणाला.

म्हणून संग्रामला माझ्या मिळकतीतलं काहीही मिळू नये, त्याने शेडची पायरीही चढू नये.

इथपर्यंत लिहिलं आणि कृष्णात आत आला. त्याने कागद मागितला. मी टेबलावर धरला, त्याने वाकून वाचला.

"खरं लिवलंयस," तो म्हणाला. "पर त्यो दुसऱ्याच्या शेडात जाऊन ह्येच करंल. तुज्या नजरंआड गेला म्हंजी झालं व्हय?"

"मग काय करू? परत पोशाख त्याच्या ताब्यात देऊ?"

"नगं देऊ. मला शेडावर बसीव."

"तू काय करणार तिथं?"

"च्या दीन. जो कोण पोशाख घ्यायला यील त्याला माज्या हातानं च्या दीन. बघू दे त्याला." त्याने हात पुढे केले. ते थरथरत होते. "तू लई सांगतीस, आक्का. तुजं ऐकून लोकं मान हालिवत्यात आन् घरी जात्यात."

सबब कलम ४ चं शेवटचं वाक्य रद्द समजावं. त्याऐवजी असं: संग्रामला मिळकतीत वाटा नाही. शेडमध्ये काम द्यायचं की नाही हे फरहीनने ठरवावं. विक्री आणि सील करण्याचं यंत्र त्याच्या हाती कधीही देऊ नये. आणि कृष्णातच्या हातचा चहा घेतल्याशिवाय कुणालाही पोशाख विकू नये, मग ते कितीही मोठं गिऱ्हाईक असो.

कलम ५. माझ्यामागे पंचशील म्हणावं. भाषणं नकोत. शेड त्या दिवशी चालू ठेवावं.

आज सकाळी साक्षीदारांसमोर हे वाचून दाखवलं. संग्रामलाही बोलावलं होतं. मी थांबल्यावर कृष्णात स्वयंपाकघरात गेला आणि कपबशी घेऊन आला. बशी वाजत होती. संग्राम धरायला उठला.

"खाली बस," कृष्णात म्हणाला. "गिऱ्हाईक उठत न्हाई."

तो बसला. एवढीशी खोली ओलांडायला कृष्णातला किती वेळ लागतो, ते आम्ही सगळे बघत होतो. निम्मा चहा त्याच्या मनगटावर सांडला होता. संग्रामने उरलेला घेतला, बशीतलाही प्यायला. मग फरहीनला म्हणाला, "चाची, मागची खोली उघडून द्या. आजच कापतो समदं."

"उघडते," फरहीन म्हणाली. "पण मी समोर बसणार."

दोघं उचगावला गेलीत, अजून परतलेली नाहीत. डॉक्टरांनी मला घराबाहेर पडायला बंदी केली आहे. ही सही झाली की मी रिक्षा बोलावणार आहे.

यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. हेच पहिलं आणि, जमलं तर, पुष्कळ वर्षं कपाटात पडून राहणारं.

लिहून ठेवणार: (सही) निशिगंधा यशवंत कुरणे

निशिगंधाताईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली. आम्हा दोघांना या मिळकतीतून काही मिळायचं नाही.

साक्षीदार: (सही) डॉ. अनुजा दाभोळे
साक्षीदार: (सही) केरबा चौगुले, शेजारी

कसबा बावडा, कोल्हापूर
दिनांक १४ जून २०२५