फडक्याचं वजन

प्रिय धाकट्या,

तुझी तीन पत्रं आली आणि तिन्हींत एकच टुमणं, आकडे कधी पाठवतेस? अरे बाबा, आकडे काय झाडाला लागतात? तुझ्या त्या मोठ्या संस्थेत बसून नवजात बाळांच्या वजनाचा अभ्यास आखणं सोपं आहे. इथे प्रसूती विभागात एकच वजनकाटा, तोही दोरीने बांधलेला. मदतीला डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाची पाच पोरं. वर तुझा सल्ला, की त्यांना नुसते आकडे उतरवायला लाव, डोकं चालवायला नको.

चौघांनी तसंच केलं, मोत्यासारख्या अक्षरात वह्या भरल्या. पाचवी मात्र माझ्या राशीलाच लागली. आम्ही तिला शंकासुर म्हणतो. काट्याला दोरी का, शून्य कोण तपासतं, बाळाखालचं फडकं वजनात धरता का? बाहेर बाळंतिणींची रांग, जोडीचा डॉक्टर रजेवर, आणि हिला फडक्याची पडलीये! सगळ्यांसमोर झाडलं मी तिला, की चोंबडेपणा बंद कर आणि निमूट लिही. डोळे भरले तिचे, पण ऐकेल तर शपथ.

सोमवारी ती वॉर्डातली फडकी घेऊन चक्क वाण्याकडे गेली आणि एकेक तोलून आली. प्रत्येक घडी साधारण एकशेसाठ ग्रॅम. आमच्याकडे दोन किलोच्या आतलं बाळ ठेवून घेतात, वरचं घरी जातं. आता गणित तूच कर. या दोन महिन्यांत अकरा बाळं कागदावर दोन किलोच्या वर होती, खरी खाली होती, आणि आम्ही ती हसत हसत घरी पाठवली.

खोटं कशाला बोलू, आधी राग मला त्या पोरीचाच आला. मग नर्सबाईंवर घसरले, की हे फडकं घालायचं खूळ काढलं कुणी? त्यांनी माझ्याकडेच बोट दाखवलं. नऊ वर्षांपूर्वी, थंडगार पारड्यात बाळं कळवळतात म्हणून मीच घालायला लावलं होतं. फडकं ठेवून काटा आधी शून्यावर आणा, एवढं सांगायचं राहिलं.

पाचही पोरं वाण्याचा काटा उसना घेऊन पत्ते शोधत घरोघर फिरली. आठ बाळं ठीक आहेत. दोन उचलून आणली, आता दूध ओढताहेत. अकराव्या घरी पोचायला मात्र उशीर झाला रे.

तेव्हा तुझे आकडे विसर. नवा अभ्यास या फडक्याचाच होईल, त्यावर पहिलं नाव त्या पोरीचं असेल, आणि चूक कुणाची हेही त्यात लिहायचं. तिने अकराव्या बाळाचं पान दुरुस्त करून माझ्या टेबलावर ठेवलंय. दोन किलो पन्नास ग्रॅम खोडून एक किलो आठशे नव्वद. खाली माझी सही हवी आहे. सकाळपासून पेन हातात आहे. तुला एवढं लांबलचक लिहीत बसले, ती सही टाळायला. आता करते.

तुझीच,
चुकलेली ताई