हिरवी खूण

दि. ९ ऑगस्ट, सकाळ

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

इकडे नळाची गळती थांबली. तू पाठवलेल्या चपला मला चावतात, पण घालतो. फोनवर तुझ्या आईच्या कानांपासून हल्ली काही लपत नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो.

आईचा डोळा ‘जरा दुखतोय’ असं मी तुला सांगत आलो. तो दुखत नाही गं. दुखला असता तर वेळेवर धावलो असतो.

शिवणयंत्रावर बसली असताना ती म्हणाली, उजव्या डोळ्यात वीज चमकल्यासारखं होतंय आणि कोपऱ्यातून सावली सरकतेय. डावा लहानपणापासून अधू, तुला ठाऊकच आहे. डॉक्टरचं नाव काढलं की ती विषय बदलते. म्हणून तू मागे फोनवर जे प्रश्नोत्तरांचं दालन उघडून दिलं होतंस, तिथे मी विचारलं. उघडून देताना तू बजावलं होतंस, “बाबा, कसं लिहिलंय ते नंतर. कोणी लिहिलंय ते आधी बघायचं.”

दोन उत्तरं आली. पहिलं असं: ‘आतला पडदा सुटत असावा. आजच डोळ्यांच्या रुग्णालयात जा. उद्या नको.’ नावाखाली नेत्रशल्यचिकित्सक असल्याची नोंद, कुठे काम करतात तेही. ना नमस्कार, ना चमत्कार. मला माणूस उर्मट वाटला.

दुसऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं कमळाचं चित्र. पण भाषा! ‘आजोबा, डोळे म्हणजे आठवणींचं तळं. वय झालं की त्यावर सावल्या उतरायच्याच. पापण्या मिटून तळ्याला निवांत राहू द्या, पाणी आपोआप निवळेल.’ मराठीचा तास सुरू व्हावा आणि खिडकीतून ऊन बाकावर यावं, तसं वाटलं मला. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. मी विसरलेली कवितेची ओळ नेहमी तीच पुरी करते. त्या दिवशी मात्र शेवटपर्यंत नुसतं ऐकलं आणि म्हणाली, किती समजूतदार माणूस आहे.

पहिलं उत्तर मी तिला वाचून दाखवलंच नाही.

वरून त्या तळ्याच्या उत्तरापुढे हिरवी खूण केली. प्रश्न विचारणाऱ्याने ती केली की ‘हेच बरोबर’ असं ठरतं आणि ते उत्तर सगळ्यांच्या वर जाऊन बसतं.

आठवडाभर ती डोळे मिटून पडली. मग एका सकाळी चहाचा कप समोर असून तिला सापडेना. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी वीज कधीपासून चमकत होती ते विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. “तेव्हाच आला असतात, तर,” एवढंच बोलल्या. तुला ‘छोटी सफाई’ सांगितली ती शस्त्रक्रिया होती. आता तिला उजेड कळतो, चेहरा कळत नाही. कापड मांडीवर घेऊन शिवण बोटांनी चाचपत बसते.

मी खूण काढली. खाली खरं काय झालं तेही लिहिलं. त्यावर कोणी बाई म्हणतात, तुमच्या मिसेसचं वेगळं असेल, मला तर वाचूनच बरं वाटलं. इतक्या लोकांनी त्याला उचलून धरलंय की माझ्या खुणेवाचूनही ते वरच आहे. त्या डॉक्टरचं उत्तर बघायला बोट खाली खाली सरकवावं लागतं. मी सरकवतो. तिथे तो अजून सांगतोच आहे, उद्या नको.

आई कोणाला बोल लावत नाही. वय झालं म्हणते. काल संध्याकाळी मला म्हणाली, “अहो, ते तळ्याचं वाचा ना. तेवढंच डोळ्यांना बरं वाटतं.”

मी वाचलं. आवाज कापला नाही. शाळेत कवितेची बक्षिसं मिळवलेला आवाज आहे.

तू आलीस की ती तुलाही ते वाचायला लावेल. तेव्हा तुला वाच म्हणू की नको म्हणू, हे आता कोणाला विचारावं ते मला कळत नाही.

तुझ्या आईला वाचून दाखवणारा,
बाबा