चुकण्याची मुभा

गाबेस, १४ जून

नौफेल भावा,

सलाम. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा दुखतोय, बकरी व्याली, खजुरांना पाणी दिलं. फायनलच्या दुसऱ्या दिवसापासून फोन बंद करून कपाटात टाकलाय, म्हणून हा कागद. टॅक्सीवाला बश्शीर ट्युनिसला निघालाय, त्याच्या हाती देतोय. हसू नकोस.

काल उम्मीने कुसकुस पाठवलं, वर माशाचं अख्खं डोकं ठेवून. तुझी आई माझे लाड अजून करते हो!

खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो. तुझ्या गोलांचा नाही, ट्युनिसच्या फ्लॅटचाही नाही. तुझ्या चुकलेल्या पेनल्टीचा. तू तर बॉल पार आभाळात धाडलास! माझा निदान गोलकीपरने अडवला. आणि आपल्या क्लबच्या फॅनपेजवर तुला काय लिहिलं? "मान वर कर पोरा, होतं असं." खाली बदामच बदाम. मला? माकडांची चित्रं. "गुलामाला कोणी पेनल्टी देतं का?" हे लिहिणारा आपला न्हावी हमादी. गेल्या गुरुवारी माझे केस कापताना माझ्या मानेवर पावडर लावत दुवा देत होता मेला. सेमीफायनलला गोल मारला तेव्हा हीच मंडळी मला गाबेसचा सिंह म्हणून खांद्यावर नाचवत होती.

जळतो रे मी. मलाही तुझ्यासारखं नुसतं वाईट खेळायचंय. वाईट खेळावं, शिव्या खाव्यात, घरी येऊन झोपावं. पण शिव्या माझ्या पायाला पडाव्यात, माझ्या काळ्या कातडीला, माझ्या आजोबांना नकोत.

दुसऱ्या दिवशी त्याच पेजवर तू लिहिलंस, "तुमच्या प्रेमाबद्दल आभार." ते वाचून मी फोन बंद केला. शिव्यांनी नव्हता केला.

तू गप्प का, ते कळतं मला. पेज लतफी चालवतो, आणि रविवारी त्याचा तुझ्या बहिणीशी साखरपुडा आहे. त्याने एकही शिवी पुसली नाही. तुझ्या आभारांना मात्र बदाम टाकला.

रौदाचं नाव काढायचं नव्हतं, पण आता निघालंच. गेल्या ईदेला मी आईला तिच्यासाठी मागणी घालायला पाठवलं, तेव्हा उम्मी रडत म्हणाली, "अगं, तू तापाने बेशुद्ध होतीस तेव्हा मी याला अंगावर पाजलंय. दूधभाऊ तो तिचा! यांचं लग्न हराम होईल!" त्याआधी हे कुणी कधी बोललं नव्हतं. आत चहाचा ग्लास फुटला, रौदाच्या हातून. आणि तू माझ्या गळ्यात हात टाकलास, "अरे वेड्या, तू आमचा भाऊ, जावई कसा होशील?"

मी मानलं. शंकासुद्धा घेतली नाही. तुमच्या घरचा मुलगा झालो, यातच सुख मानलं. लतफी तिच्यासाठी अंगठी घेतोय हे ऐकून जळलो, तेही गिळलं. भावाने बहिणीसाठी जळायचं नसतं.

आता माझं एकच मागणं. त्या पेजवर स्वतःच्या नावाने लिही : "फरजानी माझा भाऊ आहे. त्याला बोललात ते मला बोललात." बस, एवढंच. लतफी रुसला तर रुसू दे. शनिवारी संध्याकाळी मी फोन उघडून बघेन.

लिहिलंस तर रविवारी सगळ्यात आधी मी येईन, पाहुण्यांना सरबत वाटेन, लतफीलाही वाटेन.

नाही लिहिलंस, तर ते दूध मी कधी प्यायलोच नाही असं धरेन. मग रविवारी आईला घेऊन तुमच्या दारात उभा राहीन, पुन्हा मागणी घालायला. आणि या वेळी रौदालाही विचारू.

घरी आलास की उम्मीच्या हातांना माझा मुका दे.

शनिवारपर्यंत तरी तुझा भाऊ,
फरजानी